जमिनीवर ठिपका टेकवताना

पाऊस गेला की पुण्यात आधी काही दिवस नुसता उकाडा असतो. मग एका सकाळी खिडकी उघडावी तर हवा धुऊन वाळत घातल्यासारखी स्वच्छ, आणि लांबच्या टेकड्यांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या नेमक्या. अशा सकाळी बाकीचे लोक कपाटातले स्वेटर काढून उन्हात टाकतात. मी गॅलरीत जाऊन मान वर करते आणि विमानाचा आवाज येतोय का ते ऐकते. सवय आहे, जात नाही.

आमच्या कामात वर्षाचे दोनच ऋतू असायचे. विमान उडतं तो एक, आणि उडत नाही तो दुसरा. ढग नकोत, धुकं नको, धुळीचा पडदा नको. असं आकाश मिळायला लागायचं ते दिवाळीच्या पुढेमागे. मग विमान शेतांवरून, ओढ्यांवरून, वस्त्यांवरून सरळ रेषेत जायचं, टोकाला वळायचं आणि शेजारून पुन्हा सरळ परत यायचं, एखाद्याने वावर नांगरावं तसं. त्याच्या पोटाखालचा कॅमेरा थोड्या थोड्या अंतराने फोटो काढत राहायचा. ते फोटो आमच्याकडे यायचे, आणि आम्ही त्यांतून जमिनीची उंची मोजून नकाशे करायचो.

गेल्या आठवड्यात आवाज आला, पण तो ड्रोनचा होता. निवृत्तीनंतर मी लोणी काळभोरला राहायला आले. आमच्या सोसायटीच्या मागे अजून उसाचं रान शिल्लक आहे. त्याच्या बांधावर टोपी घातलेली एक मुलगी टॅबकडे बघत उभी होती. मी चपला अडकवून खाली गेले. रिकामपण माणसाला भलतं धीट करतं.

"काय मोजताय?" मी विचारलं.

"टोपो सर्व्हे आहे, काकू. फ्लाइट प्लॅन टाकला की हा स्वतःच फोटो काढून येतो. मग मॅचिंग, हाइट्स, सगळं सॉफ्टवेअर करतं. फुल्ली ऑटो."

"आणि उसात?"

तिने पहिल्यांदा टॅबवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. "उसात थोडा इश्यू येतो," ती म्हणाली.

मला इतकं हसू आलं की ती बिचारी गोंधळली. मी म्हटलं, "काही नाही गं. आमच्या वेळीही यायचा." आणि घरी येऊन चहा टाकला, तर चहाच्या वाफेबरोबर तो सबंध हिवाळा वर आला. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील त्याला.

आमचं ऑफिस बुधवार पेठेत होतं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना पहिल्या मजल्यावर सोल्डरिंगचा वास, दुसऱ्यावर कुणाच्या तरी पुस्तकांच्या गोदामाचा कोंदट, गोडसर वास, आणि आमच्या दाराशी चहाचा. खाली गिऱ्हाइकांचा, हातगाड्यांचा, गणपतीला निघालेल्या लोकांचा अखंड कालवा. आत मात्र पडदे ओढलेले आणि खुर्च्यांवर काळे चष्मे घातलेल्या बायका गप्प बसलेल्या. नवीन माणूस दार उघडून आत डोकावला की हमखास घाबरायचा.

हे काम समजायला फार काही लागत नाही. बोट नाकासमोर धरा आणि एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट इकडून तिकडे उडी मारतं. जवळ आणलं तर उडी मोठी, लांब नेलं तर लहान. मेंदू ती उडी मोजतो आणि जवळ काय, लांब काय ते आपल्याला कळवतो. विमानातून लागोपाठ काढलेल्या दोन फोटोंत तीच जमीन दोन वेगवेगळ्या जागांवरून दिसते. आमच्या पडद्यावर हे दोन्ही फोटो एकमेकांवर असायचे, आणि चष्म्यामुळे एक डाव्या डोळ्याला दिसायचा, दुसरा उजव्या. सुरुवातीला काही क्षण सगळं धूसर. मग डोळे स्थिरावले की जमीन एकदम उठायची. टेकडी पडद्याच्या बाहेर यायची, विहीर आत खचायची, नारळाची झाडं आपल्याच नाकावर रोखलेली. मी रोज हे बघायचे आणि रोज सकाळी पहिल्यांदा जमीन उठली की मला मनातल्या मनात कुणीतरी पंगतीत जिलबी वाढल्यासारखं वाटायचं.

त्या जमिनीवर एक ठिपका तरंगत असायचा. हातातल्या यंत्राला अंगठ्यापाशी एक चाक होतं. ते फिरवलं की ठिपका खाली उतरायचा. तो हलकेच जमिनीवर टेकवायचा. वर तरंगायला नको, आत बुडायलाही नको. टेकला की बटण दाबायचं. त्या जागेची उंची मिळाली. मग पुढचा. असे दिवसभर ठिपके टेकवत बसायचं. सोलापूर रस्त्याचे फोटो आले की मजा असायची. दोन फोटोंच्या मधल्या वेळात ट्रक पुढे सरकलेला असायचा, त्यामुळे तो चष्म्यातून रस्त्याच्या वर घराएवढ्या उंचीवर तरंगताना दिसे, आणि उलट दिशेने जाणारा ट्रक डांबराच्या खाली जमिनीत शिरलेला असे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच होते. शेजारून कुंदाताई म्हणाल्या, "बसा. तो आपल्यासाठी थांबत नाही."

कुंदाताई आमच्यात ज्येष्ठ. शनिवार पेठेतून चालत यायच्या, नऊवारी नव्हे पण कडक इस्त्रीची सुती पाचवारी, आणि बोलणं त्याहून कडक. त्यांच्यासारखा ठिपका कुणाला टेकवता यायचा नाही. बाकीच्या आम्ही चाक मागेपुढे करत राहायचो. त्यांचा अंगठा एकदाच फिरायचा.

अशा त्या खोलीत त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रफुल्ल ढोले आला. पोंक्षे सर, म्हणजे आमचे साहेब, त्याला घेऊन आले आणि म्हणाले, "हे ढोले. यवतमाळचे. आपल्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिणार आहेत. जे काम आपण डोळ्यांनी करतो, ते कॉम्प्युटर आपलं आपण करेल. जमलं तर पुढल्या हंगामात इतक्या खुर्च्या लागणार नाहीत."

सर खोटं गोड बोलायचे नाहीत, त्यामुळे ते असं सांगून स्वतःच्या केबिनमध्ये निघून गेले. ढोले तिथेच उभा. उंच, बारीक, नव्या शर्टाच्या घड्या अजून उमटलेल्या.

"बसा," कुंदाताई म्हणाल्या. "खुर्च्या आहेत तोवर बसून घ्या."

त्याला माझ्या शेजारची जागा मिळाली, कारण इतर कुणी सरकून जागा केली नाही. मीही मनातून खूश नव्हतेच. माझं लग्न ठरायचं होतं, घरी धाकटी बहीण शिकत होती, आणि हे काम सोडून मला दुसरं काहीच येत नव्हतं. पण शेजारी माणूस बसला की दोन दिवसांनी त्याला चहा विचारावाच लागतो.

नव्या माणसाला चष्मा देऊन जमीन दाखवायची, हा आमच्याकडचा रिवाज. प्रत्येकाचा चेहरा त्या क्षणी लहान मुलासारखा होतो, आणि तो बघायची आम्हाला हौस. ढोलेने चष्मा घातला, बराच वेळ बघितलं, आणि "छान आहे," म्हणाला. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. कुंदाताईंनी माझ्याकडे बघून भुवई वर केली.

जेवणाआधी जिन्यात चहा पिताना तो मला म्हणाला, "मॅडम, एक सांगू का? मला ते उठलेलं काही दिसत नाही. मी नुसता फोटो पाहून राहिलो होतो."

लहानपणापासून त्याचा डावा डोळा अधू होता. गावात कुणाच्या लक्षात आलं नाही, आलं तेव्हा उशीर झाला होता. चष्म्यातून कितीही बघितलं तरी त्याला एकच सपाट चित्र दिसणार होतं. खोली ज्याला कधी दिसली नाही, तो खोली मोजायचा प्रोग्रॅम लिहायला आला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने माझा चेहरा बघितला आणि त्यालाच हसू फुटलं. मग मलाही. खालचा सोल्डरिंगवाला वर डोकावून गेला, इतके आम्ही हसलो.

"सरांना सांगायला पाहिजे न?" तो म्हणाला.

"सांगा. आजच सांगा."

तो केबिनमध्ये गेला. दार अर्धवट उघडं होतं. सरांचं उत्तर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"ढोले, मी तुम्हाला प्रोग्रॅम लिहायला घेतलंय, डोळे दाखवायला नाही. जा, काम करा."

यावर खोलीत हसू पसरलं आणि त्या हसण्यात कडवटपणा थोडा कमी होता. फक्त कुंदाताई हसल्या नाहीत. "आंधळ्याने रस्ता दाखवायचा आता," असं म्हणून त्यांनी चष्मा चढवला. हे ढोलेला ऐकू गेलं असणार. त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही हे मी बघितलं.

मग सुरू झाले त्याचे प्रश्न. "मॅडम, या फोटोतला हा दगड आणि त्या फोटोतला तो दगड एकच आहे, हे तुम्ही कसं ठरवता?"

"दिसतं."

"दिसते म्हणजे काय होते? सांगा न."

मी आयुष्यात कधी याचा विचार केला नव्हता. माणूस श्वास घेतो तसं मी ठिपके टेकवत होते. त्याच्यासाठी मला माझ्याच डोळ्यांच्या मागे जाऊन बसावं लागलं. मी दगड एकटा बघत नाही, त्याच्या शेजारचं झुडूप बघते, झुडपाची सावली बघते, असं मी सांगितलं. तो खूश झाला. "म्हणजे तुम्ही चौकोन पाहता." त्याचा प्रोग्रॅमही तेच करणार होता. एका फोटोतला बोटाच्या नखाहून लहान चौकोन घ्यायचा, त्यातल्या काळ्या-पांढऱ्या छटा टिपायच्या, आणि दुसऱ्या फोटोत त्याचा जुळा भाऊ शोधायचा. सापडला की दोघांत किती उडी आहे ते मोजायचं. डोळ्यांना जे दिसतं ते त्याला हिशोबाने काढायचं होतं.

ते दिवस आठवले की मला आधी ऊन आठवतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पडदे सारायचो आणि डिसेंबरचं पिवळं ऊन फरशीवर चौकटी टाकायचं. कुणाच्या तरी डब्यात मटार उसळ, कुणाच्या वांग्याचं भरीत, खालून शेवंतीच्या हारांचा आणि उदबत्तीचा वास. ढोले एका हाताने पोळी खात दुसऱ्या हाताने डब्याच्या झाकणावर चौकोन काढून दाखवायचा. उसळीच्या रश्शात. माणूस असा आपल्या कामात गढला की त्याच्यावर राग धरणं कठीण होत जातं. माझा तर केव्हाच निवळला होता. या माणसाला मदत करणं म्हणजे आपल्या खुर्चीचा पाय कापणं आहे, हे कळत होतं, तरी दुसऱ्या दिवशी त्याला काय नवीन सांगायचं याचा विचार करतच मी घरी जायचे.

प्रोग्रॅम पहिल्यांदा पूर्ण चालला तो दिवस विसरणं शक्य नाही. सगळे जमले. सर केबिनबाहेर आले. पडद्यावर कॉम्प्युटरने मोजलेली जमीन हळूहळू उमटली. शेतं बरी होती. टेकडीही टेकडीसारखी. आणि नदीच्या पात्राच्या मधोमध सिंहगडाला लाजवील असा एक सुळका उभा होता.

कुंदाताई पुढे आल्या, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मुळा-मुठेत डोंगर उगवला. अभिनंदन."

ढोलेचे कान लाल झाले. पाणी सगळीकडे सारखंच चकाकतं, तिथे कुठलाही चौकोन कुठल्याही चौकोनाचा जुळा भाऊ होऊ शकतो. प्रोग्रॅमने भलत्यालाच मिठी मारली होती. सरांनी त्याला काही आठवडे दिले. लोणी काळभोरच्या बाजूचं एक काम आलं होतं. ओढ्याकाठच्या वस्तीशेजारून रस्ता उंच करून न्यायचा होता, आणि भरावाखालून पाणी कुठून काढायचं हे आमच्या नकाशावरून ठरणार होतं. सर म्हणाले, "हे काम दोन्ही पद्धतींनी करू. कुंदाताई हाताने, ढोले प्रोग्रॅमने. मग बघू."

त्या आठवड्यात ढोले एकदा हरवला. केबलचा एक तुकडा आणायला खाली उतरला आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी परत आला नाही. आला तेव्हा घामाघूम, पण चेहरा असा की लॉटरी लागलीय. गल्लीतून गल्लीत शिरला होता. इकडे वायरींचं दुकान, तिकडे वायरींचं दुकान. आपलीच इमारत म्हणून एका जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेला, तर तिथे एक आजोबा पाय सोडून पेपर वाचत बसलेले. आजोबा म्हणाले, "आलात तसे परत जा, आणि या वेळी बघत जा."

"मॅडम, मी तेच केलं," तो मला सांगू लागला. "परत दुकानापर्यंत गेलो. दुकानातून उलटं मोजत आलो. मग समजलं. प्रोग्रॅमलाही असंच करायला लावायचं. डाव्या फोटोतून उजव्यात जा, जुळा शोध, आणि तिथून परत डाव्यात ये. निघाला त्याच दारात आला तर खरं. दुसऱ्याच दारात आला तर सोडून दे. म्हण की मला माहीत नाही."

मला ते फार आवडलं. यंत्राने "मला माहीत नाही" म्हणायचं. आमच्या पेठेत तर माणसंही पत्ता विचारला की असं म्हणत नाहीत.

नव्या प्रोग्रॅमने पाणी सोडून दिलं. डोंगर गेला. लोणीच्या जमिनीचे त्याने इतके ठिपके काढले की आम्ही सगळ्या मिळून हंगामभर काढले नसते. पण कुंदाताईंच्या मोजणीशी ते दोन ठिकाणी जुळेनात. एक, ओढ्याच्या अलीकडचं नांगरलेलं काळं रान. दुसरं, वस्तीला लागून असलेला ऊस. फरक थोडा होता, पण पाण्याला थोडाच पुरतो. खरं कोण, हे फोटोत बघून ठरणार नव्हतं. सर म्हणाले, "जाऊन मोजून या."

ऑफिसच्या जीपमध्ये आम्ही तिघं, आणि मागे तिपाई, दुर्बीण आणि खुणा केलेली उंच पट्टी. कुंदाताई पुढे बसल्या आणि हडपसर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र शाळेची सहल निघाल्यासारखं वाटत होतं. जी जमीन महिनाभर चष्म्यातून वरून बघितली, तिच्यावर आज पाय ठेवायचा होता. उतरल्यावर मी त्या विहिरीकडे धावतच गेले. फोटोत ती माझ्या ओळखीची होती, काठावरच्या वाकड्या बाभळीसकट.

वस्तीतल्या हिराबाई नावाच्या एक बाई दारातून आमच्याकडे बघत होत्या. दुर्बीण लावताच पुढे आल्या.

"रस्त्याचं मोजताय व्हय?" त्या म्हणाल्या. "मोजा. पर नीट मोजा. पावसाळ्यात पानी ह्या पायरीला लागतंय. रस्ता वर उचलला आन् पानी इकडंच तुंबलं, तर पोरंबाळं घिऊन मी कुटं जाऊ?"

ढोले त्या पायरीकडे बघत उभा राहिला. नकाशावर तिथे एक ठिपका होता, इतकंच त्याला आणि मला तोवर माहीत होतं. त्याने पट्टी उचलली आणि आधी त्या पायरीशीच नेऊन उभी केली.

मग काळं रान. ढेकळांत पट्टी उभी करायची, दुर्बिणीतून आकडा वाचायचा, पुढे सरकायचं. दुर्बीण कुंदाताईंनी घेतली, दुसऱ्या कुणाला दिली नाही. रान संपलं तेव्हा हिशोब त्यांनी स्वतः केला. काळ्या मातीत डोळ्याला धरायला काही नसतं, ठिपका टेकला असं वाटतं आणि तो किंचित आत गेलेला असतो. प्रोग्रॅमने मात्र ढेकूळन् ढेकूळ जुळवलं होतं. त्याचा आकडा बरोबर निघाला.

कुंदाताई कागद हातात धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"ढोले," त्या म्हणाल्या, "इथे माझं चुकलं. चल, उसात जाऊ."

इतकी वर्षं त्यांच्याकडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनी ते असं म्हटलं की जणू डब्यात मीठ कमी झालंय. उसात उलटं झालं. वाऱ्याने पानं हललेली, दोन फोटोंत ऊस दोन प्रकारचा, आणि जिथे जुळला तिथेही प्रोग्रॅमने शेंडे मोजून त्यालाच जमीन म्हटलं होतं. कुंदाताई उसाच्या वाटेला गेल्याच नव्हत्या. मधला बांध आणि पाटाच्या कडेची उघडी माती, एवढ्यावर ठिपके टेकवून त्यांनी आतली जमीन काढली होती. ती तंतोतंत.

हिराबाईंनी भाजलेल्या शेंगा आणि गूळ आणून दिला. बांधावर बसून आम्ही शेंगा फोडत होतो. कुंदाताई म्हणाल्या, "तुझा प्रोग्रॅम उसात का शिरतो? त्याला सांग, बांध धर. आणि जिथे बांध नाही, तिथे आम्हाला हाक मार."

"हाक मारायचं येते त्याला," ढोले म्हणाला. "आता कुठे मारायची तेही शिकवतो."

"आणि हे बघ. ते आंधळ्याचं मी बोलले होते. ते बोलायला नको होतं."

ढोलेने सोललेल्या शेंगांची मूठ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोन दाणे उचलले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्या इतक्या बोलल्या की ड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

पुढचं सांगायला फार नाही. प्रोग्रॅमने मोकळी जमीन मोजली, ऊस, झाडं, पाणी आणि दाट सावल्या बाजूला काढून ठेवल्या, आणि त्या आम्ही मोजल्या. सगळा नकाशा तयार झाल्यावर त्याच्यावर अखेरची नजर कुंदाताईंनी टाकायची, असं सरांनी ठरवलं. त्या चष्मा लावून बसल्या. प्रोग्रॅमचे हजारो ठिपके जमिनीवर जाळ्यासारखे पसरलेले. ढोले त्यांच्या खुर्चीमागे उभा. त्याला स्वतःला ते कधीच दिसणार नव्हतं. टेकलेत की तरंगतायत, हे त्याला कुंदाताईंच्या तोंडूनच कळायचं होतं. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. खालचा कालवाही त्या वेळी कमी झाल्यासारखा मला वाटला.

"बसलेत," त्या म्हणाल्या.

"सगळे?" ढोलेने विचारलं.

"सगळे. अगदी बैठक मारून."

खुर्च्यांचं म्हणाल तर काही खरंच गेल्या. एकीने बँकेत नोकरी धरली, एक लग्न करून नाशिकला गेली. पण कामं दुपटीने येऊ लागली आणि तपासायला डोळे लागायचेच, त्यामुळे आम्ही उरलेल्या उरलो. मी त्याच कामात निवृत्त झाले. कुंदाताई आता पुष्कळ थकल्यात, पण फोनवर आवाज तसाच कडक. ढोले वाघोलीला असतो. त्याची मुलगी दहावीला आहे, आणि तिचे दोन्ही डोळे त्याने ती बोलायला लागायच्या आधीच तपासून घेतले होते. लोणीच्या रस्त्याच्या भरावाखालून रस्ता बांधणाऱ्यांनी वस्तीच्या बाजूला रुंद मोऱ्या काढल्या. मी इथे राहायला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मुद्दाम छत्री घेऊन बघायला गेले. पाणी मोऱ्यांतून खळाळत पलीकडे जात होतं. हिराबाईंची सून पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. पायरी कोरडी होती.

एक दुपार मात्र राहिली सांगायची. नकाशा पाठवून दिला त्या दिवशीची. सरांनी पेढे आणले होते आणि आम्ही ते घेऊन गच्चीवर गेलो होतो. संक्रांतीच्या आसपासचं ऊन, आकाश निळंशार. समोरच्या गच्चीवर एक बाई गाद्या-गोधड्या उन्हात घालत होत्या. पेठेतल्या पत्र्यांची, कौलांची, पाण्याच्या टाक्यांची गर्दी चहूकडे पसरलेली.

कुंदाताईंनी पेढा खाता खाता विचारलं, "प्रफुल्ल, तुला जन्मभर सगळं सपाटच दिसतं का रे? भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं?"

"उभा राहिलो तर दिसते सपाट," तो म्हणाला. "पण चाललो की नाही दिसत. हे पहा. चालताना जवळची टाकी भरभर मागे जाते, लांबचं देऊळ हळूहळू जाते. त्यावरून समजते कोण किती लांब. विमानाचं तरी काय आहे? त्यालाही एकच डोळा. ते पुढे सरकते म्हणून तर त्याला दोन फोटो मिळतात."

कुंदाताईंनी पेढा खाली ठेवला. पदराला हात पुसले. मग डाव्या डोळ्यावर तळहात झाकून त्या गच्चीच्या एका कठड्यापासून चालायला लागल्या. आधी सावकाश, पाऊल चाचपत. मग जरा भरभर. दुसऱ्या टोकाला जाऊन वळल्या आणि परत निघाल्या. चेहऱ्यावर ते आलं होतं, जे पहिल्यांदा चष्मा घालणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतं.

"रेवती, ये. ये बघ," त्या मला म्हणाल्या. "टाक्या सरकतायत गं. सगळं उठून उभं राहतंय."

मीही डोळा झाकला आणि त्यांच्यामागे निघाले. मागून बाकीच्या. आमचा गलका ऐकून सर वर आले. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. क्षणभर बघितलं, चष्मा काढून खिशात ठेवला, एका डोळ्यावर हात धरला आणि रांगेत शेवटी लागले. ढोले पेढ्यांचा बॉक्स धरून मध्ये उभा, आणि आम्ही एका हाताने डोळा झाकून त्याच्याभोवती फेऱ्या घालतोय.

समोरच्या गच्चीवरच्या बाई गोधडी तशीच हातात धरून आमच्याकडे बघत राहिल्या होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"काय हो," त्यांनी ओरडून विचारलं, "आज ग्रहण आहे का?"

कुंदाताई न थांबता, डोळ्यावरचा हात न काढता म्हणाल्या, "नाही. सुटलं."